नऊ कळा

साठी उलटलेल्या माणसाला भेट काय द्यावी, हा प्रश्न अजून कुणाला नीट सुटलेला नाही. शाल होते, श्रीफळ होतं, गुडघ्यांना चोळायच्या तेलाची बाटली होते, आणि मग देणारे नि घेणारे दोघेही थकतात. माझ्या भाच्यानं या वाढदिवसाला माझ्या हातावर एक काळी डबी ठेवली. आकार सुपारीच्या डबीएवढा, वजन मात्र देवघरातल्या शाळिग्रामासारखं, दिसण्यावर न जाणारं. तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ चौकोनी बटणं, कोपऱ्यात जुन्या रेडिओला असायची तशी एक घुंडी, आणि मागून निघालेली विणीची जाडसर वायर, शाळेच्या बुटाच्या नाडीसारखी. बटणांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. अक्षर नाही, आकडा नाही, साधा बाणसुद्धा नाही.

"मामा, हा मॅक्रोपॅड," भाचा म्हणाला. "मी गेम खेळताना वापरतो ना, तसाच. कुठलं बटण काय करणार, ते तू ठरवायचं."

मी जरा वेळ त्या बटणांकडे नुसता पाहत राहिलो. उभ्या आयुष्यात मला भेटलेली सगळी बटणं आधीच काहीतरी ठरवून आलेली होती. लिफ्टमधल्या तीनच्या मनात आपल्या मजल्याबद्दल कधी शंका आली नाही, आणि मिक्सरच्या बटणाशी तर वाद घालायची सोयच नसते. इथे मात्र नऊ जणी शेजारी शेजारी बसून 'आम्ही काय करू?' असं विचारत होत्या. लग्नघरात मदतीला उत्साहानं आलेल्या, पण कुठल्या डब्यात काय आहे ते ठाऊक नसलेल्या आतेबहिणींसारख्या.

'नऊ जणी' म्हणालो, कारण बटणाला आपल्याकडे जुना शब्द आहे, कळ. काय शब्द आहे पाहा! कळ दाबता येते, कळ फिरवता येते, कळ काढता येते आणि काढल्यावर मार बसला तर सोसतासुद्धा येते. दाढेतून येते तीही कळच. भांडणं लावणाऱ्याला कळलाव्या म्हणतात आणि पत्राच्या शेवटी सगळं सांगून झालं की 'कळावे' म्हणतात. यंत्र, वेदना, भांडण आणि समज अशा चौघांना एकाच छपराखाली ठेवणारी आपली भाषा संगणक येण्याच्या कितीतरी आधी संगणकाला ओळखून होती, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. आजीच्या तोंडून कृष्णाच्या चौसष्ट कळा ऐकल्या होत्या. माझ्या वाट्याला नऊ आल्या, त्याही यूएसबीच्या.

"दाबून तरी बघ," भाचा म्हणाला.

मी मधली कळ दाबली. अडकित्त्यात सुपारीचं खांड फुटावं तसा आवाज झाला, टिक्, आणि बोट वर येताना आणखी एक, पहिल्यापेक्षा किंचित लहान. आत निळा स्विच होता. या जगात स्विचांची जात रंगावरून ओळखतात. चेरी नावाच्या जर्मन कंपनीनं १९८०च्या दशकात हे स्विच आणले आणि त्यांच्या रंगांची भाषा पुढे सगळ्यांनीच उचलली. लाल स्विच सरळमार्गी, न बोलता खाली जाणारा. तपकिरी अर्ध्या वाटेत जरा अडखळतो पण बोलत नाही, नव्या सुनेच्या हातचं पहिलं पिठलं खाणाऱ्या सासऱ्यासारखा. निळा अडखळतो आणि तसं सांगतोही. दाबायला साठेक ग्रॅमचा भार लागतो, म्हणजे एका बऱ्यापैकी लिंबाएवढा. कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण निरोप पोहोचतो तो साधारण निम्म्या वाटेवरच. उरलेले दोन मिलिमीटर निव्वळ बोटाच्या समाधानाचे. एसटी सुटल्यावरही खिडकीतून हात हलवत राहावं, तसे. आणि तो आवाज? त्याचं काम काहीच नाही. स्विचच्या पोटात एक इवलासा सरकता तुकडा मुद्दाम बसवलेला असतो, केवळ टिक् म्हणायला. संगणकाला तो ऐकूच येत नाही.

आणखी एक गोष्ट भाच्यानं सांगितली, ती मला फार आवडली. स्विचमधल्या धातूच्या दोन पात्या एकमेकींना भिडतात तेव्हा एकदाच भिडत नाहीत. थरथरत चार-पाच वेळा आपटतात. प्रत्येक आपटणं मोजलं तर एका दाबाची पाच अक्षरं उमटतील. म्हणून डबीतला छोटा मेंदू पाचेक मिलिसेकंद गप्प बसतो आणि थरथर शमली की एकच दाब धरतो. याला डीबाउन्स म्हणतात. आमच्या घरात हे काम आई करायची. मी आणि बहीण भांडून एकाच वेळी तिच्याकडे धावलो की ती मान खाली घालून कोथिंबीर निवडत राहायची. आमचे दोघांचे चार-पाच आरोप एकमेकांवर आपटून विझले की वर बघायची नि म्हणायची, "हं, आता सांगा."

तर नऊ कळांना काम द्यायचं होतं. मी मासिकांची मुद्रितं तपासतो आणि अधूनमधून थोडं लिहितो. या धंद्यात माझ्या आयुष्याला एका अक्षरानं छळलं आहे. दर्या आणि दऱ्या. पहिल्यात र वर चढून रफार होतो, दुसऱ्यात तो बाजूला पापणीसारखा टेकतो. पण त्या पापणीएवढ्या फरकात सह्याद्री बुडतो. एकदा माझ्या नजरेतून 'सह्याद्रीच्या खोल दर्यांत उतरताना' असं वाक्य निसटलं आणि छापून आलं. एका वाचकानं पोस्टकार्ड पाठवून विचारलं, होडी कुठे मिळते? दुसऱ्या एका प्रसंगी एका आचार्यांच्या सत्काराचं वृत्त 'आचाऱ्यांचा सत्कार' म्हणून गेलं. आचारी वाचते तर सुखावले असते, आचार्यांनी वाचलं. संगणकावर हा पापणीचा र उमटवायला दोन-तीन कळांची कसरत करावी लागते आणि घाईत बोट चुकतं. म्हणून पहिली कळ मी त्याला दिली. तिचं बारसं करताना मला अनेक वर्षांची उधारी फेडल्यासारखं वाटलं.

दुसरी कळ 'ॲ'ला. हे अक्षर संगणकांच्या जागतिक वर्णमालेत, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ साली दाखल झालं. तोवर आपल्या घरची ॲल्युमिनियमची पातेली संगणकात शिरताना 'अ'च्या डोक्यावर चंद्रकोर चिकटवून, जरा चोरट्यासारखीच शिरत होती. एवढी वर्षं बाहेर थांबलेल्या अक्षराला स्वतःची कळ मिळावी, हे न्यायाचंच होतं.

तिसऱ्या कळेपाशी मी अडलो. रोज उठून काय लिहितो आपण? मग आठवलं, पत्रांची सुरुवात. ती मुळातच आखूड. 'सा. न. वि. वि.' लिहिलं की समोरच्यानं साष्टांग नमस्कार विनंती विशेष असं वाचायचं. वडिलांना 'शि. सा. न.', धाकट्याला 'अ. उ. आ.', म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. लहानपणी मला वाटे, ही टिंबं म्हणजे पिशवीच्या गाठी. प्रत्येक अक्षरामागे एकेक शब्द बांधून ठेवलाय आणि वाचणाऱ्यानं त्या सोडायच्या. आपल्या पूर्वजांना वेळ वाचवायचा होता की शाई, कुणास ठाऊक. मोडीत तर त्यांनी आधी कागदभर शिरोरेघा ओढून घेतल्या आणि मग हात न उचलता अक्षरं त्यांना टांगत नेली. थांबायला लागू नये याची अशी सोय करणाऱ्यांनी मॅक्रोपॅड पाहिला असता तर मान डोलावून पुढच्या ओळीला लागले असते. मी मात्र उलटं केलं. एक कळ दाबली की 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' सबंध उमटेल अशी व्यवस्था केली. पहिल्यांदा ते चार शब्द पडद्यावर सलग उभे राहिले तेव्हा जरा ओशाळलो. इतकी वर्षं मी लोकांना साष्टांग नमस्कार घालत होतो, तो नुसता टिंबांनी.

चौथीवर 'कळावे, लोभ असावा ही विनंती' बसवलं. ही कळ कडेची, त्यामुळे कोपर तिच्यावर पडतं. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या मुलानं एकदा संदेश पाठवला, 'काका घरी आहे का'. मी 'हो' लिहायला गेलो आणि त्याला गेलं, 'कळावे, लोभ असावा ही विनंती.' बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, 'ठीक आहे काका.' तेव्हापासून तो सिलिंडर दारात न ठेवता आत ओट्यापर्यंत आणून देतो.

हे सगळं जमवताना एक मौज कळली. त्या डबीला मराठी येतच नाही. तिला इंग्रजीही धड येत नाही. कळ दाबल्यावर ती संगणकाला फक्त एक आकडा कळवते, एफ १३, एफ १४ असा. आपल्या कीबोर्डावर वरच्या ओळीत एफ १ ते एफ १२ असतात हे सगळ्यांनाच ठाऊक. पण १९८०च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांना जोडलेले १२२ कळांचे कीबोर्ड असत आणि त्यांवर चोवीसपर्यंत एफ होते. ते कीबोर्ड अडगळीत गेले. मात्र संगणक आजही एफ १३ ते एफ २४ ओळखतो. पंगतीत बारा पानं वाढून ठेवलेली, उदबत्ती लावलेली, आणि पाहुणे चाळीस वर्षांत फिरकलेले नाहीत! भाचा म्हणाला, म्हणूनच ते कामाचे. कुठलाच प्रोग्रॅम त्यांच्यावर हक्क सांगत नाही. डबीनं एफ १५ एवढंच म्हणायचं, आणि संगणकात बसलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमनं आपल्याकडची यादी पाहून तिथे साष्टांग नमस्कार घालायचा.

हे ऐकताना मला अण्णा आठवले. अण्णांच्या कचेरीतही अशीच यादी होती.

माझे वडील वाईच्या डाक-तार कचेरीत होते आणि आमचं बिऱ्हाड कचेरीच्या मागच्या दोन खोल्यांत. त्या काळात वाईत कृष्णाकाठी विश्वकोशाचं काम चाललं होतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांचे सहकारी जगातले सगळे शब्द गोळा करून बसले होते; पहिला खंड १९७६ साली निघाला. आणि त्याच गावात आमचे अण्णा लोकांचे शब्द कमी करत होते. तारेला शब्दागणिक पैसे. कुणी पंधरा शब्दांचा मजकूर घेऊन आला की अण्णा चष्मा कपाळावर सारून पेन्सिलीनं एकेक शब्द काढत, खडे निवडावेत तसे. "'कृपया' कशाला? जावई आहे तो तुमचा, येईल." माणसाचे पैसे वाचत, आणि कधीकधी मानही.

शुभेच्छांच्या तारांना तर शब्दच लागत नसत. त्यांची छापील यादी होती, प्रत्येक वाक्याला एक आकडा. दिवाळीच्या शुभेच्छांना एक, नवदांपत्याच्या सुखी संसाराला वेगळा, परीक्षेतल्या यशाला आणखी वेगळा. फॉर्मवर तेवढा आकडा लिहायचा. तारेतून धावायचा तो आकडा, आणि पलीकडच्या गावी त्याचं सबंध वाक्य होऊन, फुलाफुलांच्या शोभिवंत कागदावर दारात पोहोचायचं. म्हणजे माझ्या टेबलावर जे काही चाललं होतं, ते आमच्या घरात पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. मला वाटे आकडा बिचारा तारेवरून एकटाच चालत जातो, ओल्या पायांनी, नि पोहोचल्यावर त्याला नवे कपडे मिळतात.

अण्णांच्या पुढ्यातली कळ एकच. पितळी दांडी, तिच्या टोकाला काळी गोल मूठ. एकाच कळेचा कीपॅड म्हणा ना. क्षणभर दाबली तर टिंब, तिप्पट वेळ दाबली तर रेघ, आणि या दोघांत सगळी इंग्रजी वर्णमाला. माझ्या डबीतही हे आहे. कळ चटकन सोडली तर एक काम आणि साधारण दोनशे मिलिसेकंदांहून जास्त दाबून धरली तर दुसरं. भाच्याला ही आधुनिक युक्ती वाटते. इंग्रजीत 'ई' सगळ्यांत जास्त लागतो म्हणून त्याला मोर्सच्या संकेतात एकच टिंब. कुठल्या अक्षराला किती छोटा संकेत द्यायचा ते छापखान्यातले खिळे मोजून ठरवलं, असं सांगतात. हे मला अण्णांकडूनच कळलं असावं, कारण शाळेत आम्हाला मोर्सबद्दल फक्त त्याचं नाव विचारत.

सुरुवातीच्या काळात तारेचं यंत्र कागदाच्या पट्टीवर टिंबं-रेघा उमटवत असे. मग तारबाबूंच्या लक्षात आलं की आपण पट्टीकडे पाहतच नाही, आवाजावरूनच वाचतो. कागद गेला, आवाज राहिला. अण्णांचं असंच होतं. यंत्र कड्-कट्ट करत असताना ते खिडकीबाहेर बघत असायचे आणि हात आपला लिहीत असायचा. कुठल्या गावाहून कोण कळ चालवतोय ते त्यांना आवाजावरून कळे. "साताऱ्याला आज नवा माणूस आहे," असं जेवताना सांगायचे, "हात जड आहे त्याचा." माणूस कधी पाहिलेला नसायचा.

आईला ही लिपी आली नाही. तिनं दुसरीच वाचायला घेतली होती. रात्री-बेरात्री यंत्र वाजलं की ती मागच्या खोलीत अंथरुणात उठून बसायची. आपल्याकडे तारेचं नाव काढलं की लोकांच्या पोटात गोळा यायचा, आणि गावातली तार म्हणजे आधी आमच्या घरी आलेली तार. पण आईचं लक्ष यंत्राकडे नसे. ती खुर्चीची वाट बघायची. कड्-कट्ट थांबल्यावर अण्णांची लाकडी खुर्ची लगेच करकरत मागे सरकली तर बातमी वाईट, कारण तशी तार ताबडतोब पोहोचवायची असे आणि अण्णा शिपायाला उठवायला जात. खुर्ची हलली नाही तर कुणाच्या तरी लग्नाच्या, मुंजीच्या, पास होण्याच्या शुभेच्छा. त्या सकाळपर्यंत थांबायच्या. मी तिच्या शेजारी जागा असायचो. यंत्र थांबे, आणि मग ते चार-पाच क्षण. आईचा हात माझ्या छातीवर असे आणि तो श्वासाबरोबर हलत नसे. खुर्ची गप्प राहिली की ती म्हणे, "शुभेच्छा," आणि कुशीवर वळे.

१५ जुलै २०१३पासून तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी शहरांत रांगा लागल्या, कधी तार न केलेल्या पोरांनी स्वतःलाच तारा केल्या. अण्णा तोवर गेले होते. आईनं पेपरात वाचलं आणि एवढंच म्हणाली, "आता कुणाचं बरंवाईट कळायचं कसं?" तिच्या उशाशी तेव्हा मोबाइल होता.

असो. कळांकडे येतो. पाच कळा अजून मोकळ्या होत्या, आणि भाच्यानं आपल्या सोयीसाठी डबीत खेळही भरला. घुंडी डावीकडे फिरवली की डबी लिहायची, उजवीकडे फिरवली की खेळायची. याला लेअर म्हणतात. डबी तीच, कळा त्याच, अर्थ सगळे बदललेले. सोवळं नेसलेल्या माणसासारखं. एरवी पाठीवर थाप मारणारा काका त्या तासाभरात 'शिवू नकोस' म्हणतो, तसंच हे. फरक इतकाच की सोवळं दिसतं, लेअर दिसत नाही.

भाचा सुट्टीत आला की 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग खेळतो. हा खेळ १९९९चा, म्हणजे भाच्यापेक्षा वयानं मोठा. त्यात एक गाव वसवायचं असतं. गावकरी लाकडं तोडतात, मेंढ्या राखतात, शेतं नांगरतात, आणि ते सगळं जमलं की लढाई. मला लढाईत रस नाही. मला त्यातली एक कळ आवडली. पूर्णविरामाचं टिंब दाबलं की पडदा सर्रकन सरकतो आणि गावात कुठेतरी नुसता उभा असलेला गावकरी समोर येतो. रिकामटेकडा शोधायची कळ! झाड तोडून झालंय, पुढचं काम कुणी सांगितलेलं नाही, कुऱ्हाड खांद्यावर घेऊन तो आपला उभा. पुन्हा टिंब दाबलं की दुसरा. भाचा त्याला तत्परतेनं कामाला लावतो. मला दरवेळी वाईट वाटतं. किती छान उभा होता.

ही कळ आमच्या आईकडे जन्मापासून असावी. वाईच्या घरात मी माळ्यावर असो, घाटावर असो की परसातल्या पेरूवर, काही न करता बसलो की पाचव्या मिनिटाला तिची हाक यायची आणि हाकेला दळण जोडलेलं असायचं. ती पंच्याऐंशीची झाली आहे, टीव्ही तिला ऐकू येत नाही, पण मी खिडकीशी नुसता बसलो आहे हे तिला पलीकडच्या खोलीतून अजून कळतं. "अरे, रिकामा आहेस ना, मग त्या शेंगा तेवढ्या सोल."

एकदा भाचा डबी खेळाच्या लेअरवर ठेवून गेला आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत होतो. मधूनमधून पापणीचा र म्हणून जी कळ दाबत होतो, तिचं खेळातलं काम रिकामा गावकरी शोधायचं. त्यामुळे लेखात जागोजागी टिंबं पडली. पुन्हा वाचायला वेळ नव्हता, तसाच पाठवला. आठवड्यानं संपादकांचा फोन आला. म्हणाले, लेख उत्तम, विशेषतः शैली बदलली आहे तुमची. "तुम्ही मध्येच थांबता ना, ते फार बोलकं आहे. आम्ही ती टिंबं तशीच ठेवली आहेत." अंक आला तेव्हा मी मोजली. एकोणीस गावकरी माझ्या लेखात ठिकठिकाणी कुऱ्हाड खांद्यावर घेऊन उभे होते, आणि कुणीही त्यांना कामाला लावलं नव्हतं. मी तो अंक जपून ठेवला आहे.

भाच्याच्या हिशेबानं प्रत्येक कळ मला दोन सेकंद वाचवते. दिवसातून दोनशे वेळा दाबली तर चारशे सेकंद, म्हणजे सहा मिनिटं चाळीस सेकंद. डबी शिकण्यात आणि शिकवण्यात माझे चार रविवार गेले, धरा वीस तास. म्हणजे घातलेला वेळ वसूल व्हायला एकशेऐंशी दिवस. त्यानंतर रोजची सहा मिनिटं चाळीस सेकंद निव्वळ नफा. त्या नफ्याचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही, बहुधा शेंगा. एक गोष्ट मात्र भाच्याच्या हिशेबात नाही. अर्धा वेळ मी त्या कळा काही लिहायला दाबतच नाही. विचार अडला की नवव्या कळेवर बोट टेकतो. तिला मी एफ २४ दिलं आहे, पंगतीतलं शेवटचं पान, आणि तिच्यापुढे यादीत काहीच लिहिलेलं नाही. टिक् होतं, पडद्यावर काही उमटत नाही, आणि पुढचं वाक्य कधी सुचतं, कधी नाही.

भाचा म्हणतो, "मामा, आज्जीची झोपमोड होत असेल रात्री. लाल स्विच आणून देतो, आवाज नाही येणार. बसवायला दहा मिनिटं." मी म्हटलं, आण. तो आणूनही गेला. नऊ लाल स्विच एका प्लॅस्टिकच्या पुडीत, डाळिंबाच्या दाण्यांसारखे टेबलावर पडून आहेत.

परवा रात्री अकराच्या सुमाराला असाच एका परिच्छेदाशी अडलो होतो. बायको झोपली होती, रस्त्यावरची शेवटची रिक्षा गेली होती. मी नववी कळ दाबत बसलो होतो, एकदा, दोनदा, मग जरा लांब, मग पुन्हा दोनदा. शेजारच्या खोलीत पलंग वाजला.

"कुणाची तार?" आईनं विचारलं.

आवाज झोपेतला होता, पण घाबरा. बोट कळेवरच राहिलं. काय सांगावं ते सुचेना. आत जाऊन 'अगं, मी आहे, झोप' म्हणावं, दिवा लावावा, पाणी द्यावं, असं सगळं एकदम मनात आलं आणि मी उठण्यासाठी टेबलाला हात टेकला. मग एकदम लक्षात आलं आणि हात काढून घेतला. माझी खुर्चीही लाकडीच आहे, आणि फरशीवर सरकताना करकरते.

मी हललो नाही. पलीकडेही काही हललं नाही. बराच वेळ गेला असं वाटलं. चार-पाच क्षणच असतील. मग आतून आलं, "शुभेच्छा," आणि पलंग पुन्हा वाजला, कुशीवर वळल्यासारखा.

मला तहान लागली होती, पाठ अवघडली होती, परिच्छेद तसाच होता. तिचा श्वास एका लयीत लागेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिलो.